आई कुठून आली?

माझे काका ऐन तरुणपणी राजापूरहून मुंबईला गिरणीत लागले. गावात त्यांना सगळे चाकरमानी म्हणत. ते गणपतीला येणार म्हटलं की आठवडाभर आधीपासून घरात लगबग. आई लांजा तालुक्यातून लग्न होऊन राजापुरात आली ती कायमची, पण ती कुठून तरी उठून आली आहे असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. जनगणनेच्या हिशेबात मात्र दोघं सारखेच स्थलांतरित. आधीचं राहतं गाव आत्ताच्या गावाहून वेगळं असलं की झालं. अंतर किती आणि कारण काय, हे पुढचे प्रश्न.

ही व्याख्या लक्षात घेतली की एक फार पक्का गैरसमज सुटतो. स्थलांतरित म्हटलं की परराज्यातून रेल्वेने आलेला, खांद्यावर पिशवी घेतलेला तरुण आपल्याला दिसतो. 2021 साली व्हायची जनगणना लांबली, म्हणून इथले आकडे 2011चे घेतो. तेव्हा देशाच्या 121 कोटी लोकांपैकी 45 कोटींहून अधिक स्थलांतरित होते. त्यांत दर तिघांमागे दोन बायका. साठ टक्क्यांच्या आसपास लोक आपल्याच जिल्ह्यात हललेले, आणि राज्याची सीमा ओलांडलेले सुमारे 12 टक्के. जवळजवळ निम्म्यांनी कारण सांगितलं ते लग्न. म्हणजे भारतातला सर्वसाधारण स्थलांतरित कोण, तर शेजारच्या तालुक्यात सासरी आलेली बाई. रेव्हन्स्टाइन या भूगोलतज्ज्ञाने 1885 साली ब्रिटनच्या जनगणनेवरून हेच मांडलं होतं: बहुतेक माणसं जवळच जातात, आणि जवळच्या स्थलांतरात बायका पुढे असतात. तिथे कारणं वेगळी होती, हेही खरं.

मग बायकांचं स्थलांतर ‘फक्त लग्नाचं’, असं म्हणून ते बाजूला ठेवलं जातं. ही मला अधिक मोठी चूक वाटते. प्रगणक स्थलांतराचं कारण एकच लिहून घेतो. सासरी आल्यावर त्या बाईने चाळीस वर्षं भाताची लावणी केली, शहरात गेल्यावर चार घरची धुणीभांडी केली, तरी कारणाच्या रकान्यात ‘लग्न’ हाच शब्द राहतो. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी जोडपी पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतली जाते ती त्या कोयत्यावर. ऊस तोडणं, मोळ्या बांधणं, डोक्यावरून गाडीपर्यंत नेणं यात बाईचा वाटा निम्मा तरी असतो. आणि हंगाम संपल्यावर ती दोघं गावी परततात. घर तिथलंच मानलं जात असल्यामुळे जनगणनेच्या स्थलांतराच्या तक्त्यात हे जाणं-येणं नीट उमटतच नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीने कामासाठी महिनाभर ते सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहणाऱ्यांची नोंद वेगळी घेतली, ती याचसाठी.

सगळ्यांत गरीब तेच गाव सोडतात, हेही अर्धंच खरं. लांब जायला भाडं लागतं आणि उतरल्यावर टेकायला जागा लागते. मुंबईच्या गिरणगावात कोकणातल्या गावांच्या मंडळांनी चाळींमध्ये खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. गावचा माणूस तिथे यायचा, पाळीप्रमाणे झोपायचा, खानावळीत जेवायचा आणि ओळखीने गिरणीत चिकटायचा. काकाही असेच गेले. आधी गेलेला मागच्याला ओढतो, म्हणून एकाच गावची माणसं एकाच शहरात, पुष्कळदा एकाच धंद्यात सापडतात. ज्याचं कुणीच पुढे गेलेलं नाही, तो बहुधा घरीच अडकतो.

आता राजापूर-लांजा ज्यात येतात त्या रत्नागिरी जिल्ह्याच्या एका आकड्याविषयी, कारण तो अभिमानाने सांगितला जातो. 2011 मध्ये जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या, राज्यात 929. यावरून कोकणात मुलींना मान आहे असा निष्कर्ष निघतो, तो चुकीचा. शून्य ते सहा वयोगटात रत्नागिरीतही मुली मुलांपेक्षा कमीच आहेत. वरच्या वयात स्त्रिया जास्त दिसतात, कारण पुरुष मुंबई-ठाण्यात मोजले गेले. तो सन्मानाचा आकडा नाही, गैरहजेरीचा आहे. 2001 ते 2011 या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची लोकसंख्या चक्क घटली. जन्म कमी झाले हे त्याचं एक कारण. पण जन्म देण्याच्या वयाची माणसंच बाहेर गेली की त्यांची मुलंही बाहेरच्याच खात्यात जमा होतात.

आणि ही बाहेर गेलेली माणसं सगळी मुंबईतच जमा होतात असंही नाही. त्याच दशकात मुंबई शहर जिल्हा 33 लाखांवरून 31 लाखांच्या खाली उतरला. तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा 81 लाखांवरून 110 लाखांवर गेला. गिरण्या बंद पडल्या, दादर-परळच्या जागा महागल्या, आणि माणसं डोंबिवली-विरारकडे सरकली.

वर जन्म कमी झाल्याचं म्हटलं, त्याबद्दलही एक गैरसमज आहे: जननदर उतरला की लोकसंख्या लगेच थांबते, असं पुष्कळांना वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2019-21 मध्ये महाराष्ट्राचा जननदर दर बाईमागे सरासरी 1.7 मुलं इतका होता, देशाचा 2.0. पिढी जेमतेम टिकवायला 2.1 लागतो. तरी लोकसंख्या वाढते आहे, कारण आधीच्या मोठ्या पिढ्यांतल्या मुली आत्ता आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला मुलं कमी, पण आयाच जास्त.

काकांनी पुढे डोंबिवलीत घर घेतलं. जन्मस्थान विचारलं तर जनगणना त्यांना रत्नागिरीहून आलेले ठरवते. आधीचं वास्तव्य विचारलं तर मुंबईहून. चुलतभाऊ डोंबिवलीतच जन्मला, तिथेच राहिला. गाव विचारलं की तो राजापूर सांगतो, पण या व्याख्येत तो स्थलांतरित नाही. त्याच्या शेजारी गोरखपूरच्या आईबापांचा, डोंबिवलीतच जन्मलेला आणि वाढलेला मुलगा राहतो. तोही नाही.