शेंडा वाढला, मूळ कुठे?

पावसाळ्यात लावलेलं काजूचं कलम मे महिन्यात वाळलं की वाळवीला नाहीतर उन्हाला बोल लावून आपण मोकळे होतो. असं एखादं कलम उपटून पाहा. फारसा जोरही लागत नाही. पुष्कळदा मुळांचा गड्डा अजून पिशवीच्याच आकाराचा असतो, वर शेंडा मात्र हात-दीड हात. खतात काही कमी केलं नव्हतं, असं मालक वर सांगतो.

गोम तिथेच आहे. पानांत तयार झालेली साखर वर खर्चायची की खाली, हे बऱ्याच अंशी नत्रावर ठरतं. नत्राची चणचण असली की साखर मुळांकडे वळते आणि मुळं लांब हातपाय पसरतात. युरियात 46 टक्के नत्र. त्याची चंगळ झाली की मुळांत सायटोकायनिन हे संप्रेरक वाढतं, पाण्याबरोबर वर चढतं आणि पालवी फुटते. मुळं खुंटतात असं नव्हे. तीही वाढतात, पण खोडापानांच्या मानाने कमी. जुलैत त्याने काही बिघडत नाही. कोकणात चार महिने पाणीच पाणी! पुढचे आठ महिने मात्र तेवढ्याच मुळांना सगळ्या पानांची तहान भागवायची असते.

स्फुरदाची तऱ्हा निराळी. जांभ्याच्या तांबड्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून बसतं. वरून भुरभुरवलेलं सुपर फॉस्फेट त्यामुळे वरच राहतं. त्याच्यापर्यंत मुळानेच जायला हवं, नाहीतर मुळाशी सोयरीक केलेल्या बुरशीने. स्फुरद फार झालं तर झाड या बुरशीला पोसणंही कमी करतं.

मुळं खत कसं हेरतात, हे इंग्लंडमधले संशोधक ड्रू यांनी 1975 साली जवाच्या रोपांवर दाखवलं. मुळाच्या फक्त मधल्या भागाला नायट्रेट, अमोनियम किंवा फॉस्फेट भरपूर दिलं, तर तेवढ्याच जागी उपमुळांचं जावळ आलं. पालाशाने तसं झालं नाही. खोडाला चिकटून खताची मूठ टाकणारा मुळांना उंबरठ्यावरच जेवू घालतो, मग ती बाहेर कशाला पडतील?

तेव्हा सुपर फॉस्फेट खड्डा भरतानाच शेणखताबरोबर मातीत कालवा. पिशवीत गोल वळलेली मुळं लावताना मोकळी करा. युरिया थोडाथोडा, ओल असताना, खोडापासून वीतभर लांब रिंगण करून द्या. आणि दसऱ्यानंतर, कलम कितीही खुरटं दिसलं तरी, त्या गोणीला हात लावू नका.