खड्ड्यात उतरण्यापूर्वी

ब्रिटनमध्ये मोटारहोम, म्हणजे चूल-बिछान्यासह फिरते घर, बाळगणारे काही हौशी लोक गाडीखालची दुरुस्ती स्वतः करता यावी म्हणून घरीच खड्डा बांधतात. काँक्रीटच्या भिंती, पायऱ्या, पाण्याचा निचरा हे सारे करतात. पण खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. स्वयंपाकाचा गॅस आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. गळती झाली की तळाशी साचते. एक ठिणगी पुरते! म्हणून आधी सिलिंडर बंद, तळाशी खेळती हवा आणि वर लक्ष ठेवणारा माणूस हवाच.

वाचकहो, खड्ड्यातली हवा जीव घेते हे आपल्याला नव्याने सांगायला नको. गटारातील विषारी वायूने आपले किती बांधव गेले! संरक्षणाशिवाय गटारात माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. हौशी गाडीमालक स्वतःसाठी घेतो ती काळजी सफाई कामगारालाही मिळालीच पाहिजे.