अर्धी गोळी

महिन्याची वीस तारीख उलटली की आमच्या घोटीत मेडिकलच्या दुकानांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "पूर्ण पाकीट नको, चारच गोळ्या द्या." मागणारा कधी भाताच्या गिरणीवरचा हमाल असतो, कधी हायवेला चहाची गाडी लावणारा, कधी शिलाईवर घर चालवणारी बेवा. गोळ्या रक्तदाबाच्या, साखरेच्या, फिटच्या. घरी गेल्यावर त्या चारांचे आठ तुकडे होतात. आम्ही याला काटकसर म्हणतो, पण रोग तसे मानत नाही. फिटची गोळी तुटली की झटका परत येऊ शकतो. अर्धवट औषधावर ठेवलेला रक्तदाब एखाद्या दिवशी अर्धांगवायू होऊन बाहेर पडतो. मग नाशिकचा दवाखाना, गाडीभाडे, उधारी, आणि शेवटी अम्मीच्या कानातले.

"अल्लाहची मर्जी" म्हणून आम्ही गप्प बसतो. पण पाकिटावरची किंमत माणसाने छापलेली असते, आणि माणसांनी ती खाली आणलेलीही आहे. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 साली मुंबईत सिप्ला कंपनी काढली. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी 2001 मध्ये एड्सवरची तीन औषधे मिळून एका रुग्णाला वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली. परदेशी कंपन्या तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर घेत होत्या. हे जमले ते 1970 च्या पेटंट कायद्यामुळे. त्यात औषध बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळे, खुद्द औषधावर नाही.

2005 मध्ये तो कायदा बदलला, तरी एक दरवाजा उघडा राहिला. मार्च 2012 मध्ये त्यातूनच नॅटको कंपनीला मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील सोराफेनिब बनवण्याचा सक्तीचा परवाना मिळाला. महिन्याला सुमारे 2 लाख 80 हजारांचे औषध 8,880 रुपयांवर आले. हमालाला तेही जड आहे, हे खरे. पण आधीचा आकडा तर श्रीमंतालाही घाम फोडणारा होता.

असे परवाने देणे सरकारच्या हाती आहे, आणि सरकारने त्यात फारच हात आखडता घेतला आहे, असे आम्हाला वाटते. आमच्या हाती काय? डॉक्टरसाहेबांना अदबीने विचारावे, "यातले मूळ औषध कोणते, जनऔषधी केंद्रातले चालेल का?" विचारण्यात लाज कसली! फिटची गोळी मात्र त्यांना विचारल्याशिवाय बदलू नये. क्षयरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. तिथे जायला लाजून कर्ज काढणारी घरेही आम्ही पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट जकातीची. रमजानमध्ये ती एकदम वाटली जाते, साडी आणि शिध्यात संपते. आजारी माणसाला गोळी मात्र शव्वालमध्येही लागते आणि सफरमध्येही. आलिमांना विचारून, जकातीच्या हकदार रुग्णांसाठी त्यातला काही हिस्सा वर्षभर महिन्याच्या महिन्याला औषधरूपाने देता येईल. औषध रुग्णाच्या हाती पडले की ते त्याच्या मालकीचे होते, म्हणजे जकातीची ती अटही पाळली जाते. मोहल्ल्यातल्या दोन-चार जाणत्या माणसांनी यादी करावी, दुकानदाराशी महिन्याचा हिशेब ठरवावा. नावे मशिदीत वाचून दाखवू नयेत. दुकानात चिठ्ठी ठेवली की पुरे.