घरात कासव हरवलं तर? आधी दार लावा, मग डोकं लावा

(हा एपिसोडचा लिखित भाग आहे. बोलताना मी जिथे अडखळलो, जिथे मधेच कुकरची शिट्टी झाली, ते काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच.)

[००:००] सुरुवात

मागचा एपिसोड अर्ध्यातच गुंडाळला होता, कारण आमचं कासव हरवलं होतं. त्यावर तुमचे खूप मेसेज आले. अर्ध्यांनी विचारलं, "सापडलं का?" आणि उरलेल्यांनी विचारलं, "अरे, कासव हरवतंच कसं? ते पळून पळून पळणार किती?"

पहिल्याचं उत्तर: सापडलं, पण पावणेदोन दिवसांनी. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे आजचा एपिसोड. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमधले बग शोधतो. तरीसुद्धा दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये वीतभर लांबीचं कासव मला सापडत नव्हतं. कारण मी घर शोधत होतो. शोधायला हवी होती त्या प्राण्याची गरज. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी आजचा एपिसोड वसूल.

[०१:२०] झालं काय?

आमच्याकडे सात वर्षांपासून रेड-इअर्ड स्लायडर आहे. डोळ्यामागे लाल पट्टा असतो ते, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. नाव पेढा. कागदोपत्री माझ्या धाकट्या बहिणीचा, पण टाकी धुवायला मी.

एप्रिलमधला शनिवार. सकाळी मी टाकीचं पाणी बदललं आणि नेहमीपेक्षा जरा जास्त भरलं. ऊन खायला ठेवलेला दगड होताच. पाणी वर, दगड त्याहून वर, म्हणजे काठापर्यंत जिनाच तयार. वर जाळी नाही. दुपारी बहीण ओरडली, "दादा, पेढा कुठाय?"

मी पहिल्यांदा काय केलं असेल? तिसऱ्या मजल्यावरून खाली पार्किंगमध्ये बघितलं. बाल्कनीच्या कठड्याखाली चांगली फट आहे आमच्या. त्या वेळी पोटात जो गोळा आला ना, तो अजून आठवतो. खाली काही नव्हतं. बाल्कनीतल्या कुंड्यांमागेही नव्हता. म्हणजे घरातच होता.

[०२:४५] पहिली दहा मिनिटं

शोधायला लागू नका. आधी घर बंद करा.

बाहेरचं दार, बाल्कनीचं दार लावा. कमोडचं झाकण खाली. बाथरूम आणि मोरीच्या जाळ्या जागेवर आहेत ना, बघा. फिरणारा झाडूवाला रोबो असेल तर बंद. वॉशिंग मशीन लावू नका. जमिनीवर कपड्यांचा ढीग असेल तर एकेक कपडा उचलून झटका. सोफा आणि पलंग ओढायचा नाही, दोघांनी मिळून उचलायचा. ओढताना प्राणी पायाखाली चिरडला जातो. उंदरांचे चिकट सापळे लावले असतील तर लगेच काढा, आणि झुरळांचा स्प्रे तर अजिबात नको.

घरातल्या सगळ्यांना सांगा. कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा. आमच्या मावशी म्हणाल्या, "मी केर काढताना पाय घासत चालते मग." हे फार शहाणपणाचं आहे. पाय उचलून टाकला की पाय प्राण्यावर पडू शकतो, घासत नेला की फक्त धक्का लागतो.

[०४:१०] माझी पहिली चूक: शोधलेली खोली उघडी ठेवली

मी हॉल शोधला, नाही सापडला. बेडरूम शोधली, नाही सापडला. मग स्वयंपाकघर. तोपर्यंत पेढा कदाचित परत हॉलमध्ये गेला असेल! आपण हलतोय, तोही हलतोय. अशाने अख्खी रात्र गेली तरी काही सिद्ध होत नाही.

आमच्या कामात एक साधी पद्धत असते. मोठा प्रश्न अर्धा करा, एक अर्धा पक्का बाद करा, मग दुसऱ्याकडे वळा. घरात त्याचा अर्थ असा की सगळ्या खोल्यांची दारं लावायची. दाराखालच्या फटीत टॉवेलची गुंडाळी घालायची. एक खोली जमिनीपासून वरपर्यंत बघायची आणि 'इथे नाही' अशी खात्री झाली की ती बंद. त्यानंतर त्या खोलीत परत शोधायचं नाही. शक्य तितकं राहायचंसुद्धा दुसरीकडे.

ज्या दोन खोल्यांमध्ये दारच नाही, तिथे आजीची आयडिया कामाला आली. मी उंबऱ्यावर रांगोळी पसरायला निघालो होतो. आजी म्हणाली, "अरे, रांगोळी कशाला वाया घालवतोस? तांदळाचं पीठ घे, पातळ भुरभुर." पिठाचा एक पट्टा टाकला की रात्रीत कोण कुठून कुठे गेलं ते सकाळी दिसतं. कासवाचे दोन्ही बाजूंना पायांचे ठसे आणि मधे पोट घासल्याची रेघ उमटते. सापाची नुसती नागमोडी रेघ. पालीच्या जातीचे छोटे ठसे, मधे कधी शेपटीची रेघ.

[०६:००] माझी दुसरी चूक: वेळ

शनिवारी रात्री दोन वाजेपर्यंत मी मोबाईलचा टॉर्च घेऊन पालथा पडून शोधत होतो. कारण डोक्यात बसलेलं की असले प्राणी रात्री फिरतात. स्लायडर दिवसाचा प्राणी आहे! सकाळी उठतो, ऊन खातो, हिंडतो आणि रात्री झोपतो. झोपलेलं कासव आवाज करत नाही, हलत नाही. म्हणजे मी बरोबर उलट्या वेळी शोधत होतो.

म्हणून तुमच्याकडे कोणता प्राणी आहे, त्यावर वेळ ठरवा. कासव असेल तर सकाळी, ऊन वर आल्यावर. लेपर्ड गेको असेल तर संध्याकाळी अंधार पडताना आणि रात्री. बॉल पायथन असेल तर दिवे मालवून रात्री उशिरा.

टॉर्च वरून मारू नका. जमिनीवर झोपून, टॉर्च जमिनीला समांतर धरा. मग छोट्या वस्तूचीही लांब सावली पडते आणि ती डोळ्यात भरते.

[०७:१५] ऊब, आडोसा, ओल

हे प्राणी आपल्यासारखी शरीरातून ऊब तयार करून टिकवत नाहीत. बाहेरून घेतात. म्हणून थंडीच्या दिवसांत किंवा एसी चालू असलेल्या घरात ते उबेकडे सरकतात. फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरजवळ, वायफाय राउटरच्या खाली, इन्व्हर्टरच्या बाजूला, टीव्हीच्या मागे. फार गारठले तर एका जागी सुन्न पडून राहतात, मग हाका मारून काही होत नाही. त्यामुळे आधी एसी बंद करा.

दुसरी गरज आडोसा. मोकळ्या जमिनीवर त्यांना भीती वाटते, म्हणून ते भिंतीच्या कडेकडेने जातात आणि पाठ-पोट दोन्ही टेकेल अशा जागेत घुसतात. आपल्याला वाटतं 'इथे मावणारच नाही', तिथेच ते असतात. साप तर पुस्तकांच्या मागे, सोफ्याच्या आतल्या फाटलेल्या अस्तरात, ड्रॉवरच्या मागच्या पोकळीत. लेपर्ड गेकोच्या बोटांना चिकटायच्या गाद्या नसतात, त्यामुळे तो गुळगुळीत भिंत चढू शकत नाही, खालीच शोधा. क्रेस्टेड गेको मात्र पडद्याच्या दांडीवरही सापडेल. आणि गेको दिसला की शेपटीला धरू नका, ती तुटून हातात येते.

तिसरी गरज ओल. बाथरूम, मोरी, कुंड्या, पाण्याच्या पिंपामागची जागा.

आता लालूच दाखवायचं तर तेही विचार करून. आईने पेढ्यासाठी ताटलीत त्याचं खाणं ठेवलं होतं. पण स्लायडरला घास गिळायला पाणी लागतं, तो पाण्यातच खातो. कोरड्या ताटलीकडे मुंग्या आल्या फक्त. त्यापेक्षा उथळ परातीत थोडं पाणी ठेवा आणि चढायला बाजूला एखादी फळी तिरकी लावा. सापासाठी रात्री एका कोपऱ्यात उबदार पॅड आणि त्यावर छोटं भोक पाडलेला खोका ठेवला तर सकाळी तो आत बसलेला सापडू शकतो. दिवा किंवा पॅड कपड्याला, गादीला लागून मात्र ठेवू नका, आग लागायची.

[०९:५०] सोमवार सकाळ

रविवारी संध्याकाळी पिठाने पहिली बातमी दिली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर दोन बाजूंना ठसे, मधे रेघ, तोंड आतल्या दिशेला. म्हणजे पेढा स्वयंपाकघरात किंवा त्याला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीत. ओट्याखालच्या ट्रॉल्या काढल्या, सिलिंडर हलवला, वॉशिंग मशीनच्या मागे बघितलं. काही नाही. बहीण रडायला लागली होती. उन्हाळ्यात दोन दिवस पाण्याबाहेर, तिला वाटलं संपलं सगळं. तिला एकच सांगत होतो की धडधाकट कासव दोन दिवसांत मरत नाही, पण आतून मीही घाबरलेलो होतो.

मग जुना मोबाईल काढला, चार्जिंगला लावला आणि ड्राय बाल्कनीत आवाज रेकॉर्ड करायला ठेवला. सकाळी सहा ते नऊ. आम्ही सगळे हॉलमध्ये, पंखा बंद, मिक्सर बंद. नंतर रेकॉर्डिंग लावलं तर ७ वाजून २० मिनिटांनी खर्र... खर्र... प्लॅस्टिकवर काहीतरी घासतंय.

वॉशिंग मशीनच्या मागे आजीची कुंड्यांसाठी आणलेली मातीची पिशवी आडवी पडली होती, तोंड फाटलेलं. आदल्या दिवशी मी पिशवीच्या मागे बघितलं होतं, पिशवीच्या आत नाही. पेढा आत होता, मागच्या पायांनी माती उकरत.

[११:३०] आणि मग खरी गोष्ट कळली

सापडल्यावर थेट खोल टाकीत सोडू नका. अशक्त झालेलं कासव बुडू शकतं. उथळ कोमट पाण्यात, पाठ अर्धी बाहेर राहील एवढ्यात अर्धा तास ठेवा. डोळे उघडतंय का, नाकातून बुडबुडे येतायत का, पोहताना एका बाजूला कलतंय का, ते बघा. कलत असेल तर न्यूमोनिया असू शकतो, लगेच डॉक्टर. आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवा. कासवांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. त्याचमुळे अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा छोट्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

आम्ही पेढ्याला एक्झॉटिक प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पुढच्या पायांची नखं बघितली आणि हसले. नराची पुढची नखं लांबलचक असतात, ह्याची आखूड. एक्स-रे काढला, तर आत सात अंडी!

म्हणजे सात वर्षं आम्ही जिला 'तो' म्हणत होतो, ती मादी होती. नराशिवायसुद्धा मादीला अंडी होतात, त्यातून पिल्लं येत नाहीत एवढंच. अंडी घालायची वेळ आली की ती अस्वस्थ होते, खाणं कमी करते, टाकीच्या भिंतीवर चढते, माती शोधत पाण्याबाहेर पडते. आणि माती मिळालीच नाही तर अंडी आत अडकून जीवावर बेतू शकतं. आठवडाभर ती नीट खात नव्हती. आम्ही म्हणालो, उन्हाळ्यामुळे असेल.

पेढा हरवला नव्हताच. ती काहीतरी शोधत होती, आणि आमच्या घरात ते फक्त एकाच पिशवीत होतं. हे मला शनिवारी दुपारी सुचलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं.

म्हणून शोधायच्या आधी घरच्यांना विचारा: गेल्या आठवड्यात काय बदललं? खाणं? टाकी? हवा? वागणं? आम्ही बग शोधताना पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि घरी नेमका तोच विसरलो.

[१३:२०] जाता जाता, दोन गंभीर गोष्टी

पहिली. साप पाळणाऱ्यांचा साप हरवला आणि इमारतीत कुठेतरी साप दिसला, तर 'आपलाच असेल' म्हणून हात घालू नका. तपकिरी अंगावर गडद ठिपके असलेला प्रत्येक साप बॉल पायथन नसतो. आपल्याकडे घोणस असते आणि ती अतिशय विषारी आहे. लांब राहून नजर ठेवा आणि सर्पमित्रांना किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. शेजाऱ्यांपासून लपवू नका. लाज वाटेल, पण कुणीतरी घाबरून काठी घेण्यापेक्षा बरं.

दुसरी. स्टार कासवासारखे आपल्या देशातले प्राणी घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या काही परदेशी जातींची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आणि या सगळ्या गोंधळात एक काका मला म्हणाले, "सापडलं की मुठेत सोडून दे, सुटशील." तसं करू नका. स्लायडर जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर परक्या जातींच्या यादीत आहे. नदीत, तलावात तो आपल्या कासवांची जागा आणि खाणं बळकावतो.

[१४:४०] शेवट

डॉक्टरांच्या सल्ल्याने एका मोठ्या टबात ओलसर माती आणि वाळू भरून ठेवली. चौथ्या दिवशी तिने सातही अंडी घातली आणि त्याच संध्याकाळी खायला सुरुवात केली. टाकीवर आता जाळी आहे, दगड बदललाय आणि मातीचा टब कायमचा ठेवलाय.

नाव बदलायचं का, यावर घरात चर्चा झाली. आजी म्हणाली, "पेढा कसला, आता बर्फी म्हणा." बहिणीला पटलेलं नाही. तुमचं मत कळवा.

तुमचा प्राणी कधी हरवला असेल तर कुठे सापडला, तेही व्हॉइस नोटमध्ये पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. आणि आत्ता ऐकता ऐकता उठून टाकीचं झाकण एकदा बघून या. भेटू पुढच्या रविवारी!