गोधडीसाठी लाँगआर्म मशीन घ्यावं का? वाडीतल्या शिवणकामाचं गणित

बडोदे : जुन्या साड्या एकावर एक अंथरून गोधडी शिवायची रीत राज्याच्या हद्दी मानत नाही. कोल्हापूर-सांगलीकडे तिला वाकळ म्हणतात, कर्नाटकात कौदी, गुजरातीत गोदडी. बडोद्याच्या वाडी भागात तर ‘गोधडी’ आणि ‘गोदडी’ हे दोन्ही शब्द कानावर पडतात. गायकवाडांच्या काळात इथं आलेली मराठी कुटुंबं १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हाही इथंच होती आणि १९६० साली गुजरात वेगळा झाला तेव्हाही. साड्या साठवायची आणि त्यांची गोधडी करायची सवयही तशीच राहिली.

आता यात नवा प्रकार आला आहे, ब्लॉकच्या गोधडीचा. नव्या सुती कापडाचे तुकडे मापात कापून, नक्षीत जोडून केलेली ही गोधडी बाळंतविडा, लग्नाचा आहेर यासाठी विकली जाते. चार ऑर्डर वाढल्या की पुढचा विचार मोठ्या मशीनचा येतो. फोनवर लाँगआर्म मशीनचे व्हिडिओ दिसतात, काम सरसर चाललेलं असतं. पण हे मशीन गोधडीतलं नेमकं कोणतं काम करतं, हे समजून घेतल्याशिवाय लाखांची उडी मारण्यात अर्थ नाही.

तीन टप्पे, मशीन एकाच टप्प्याचं

ब्लॉकच्या गोधडीचे तीन टप्पे असतात. पहिला, तुकडे कापून ब्लॉक करणं आणि ब्लॉक जोडून वरची बाजू तयार करणं. दुसरा, वरची बाजू, मधला कापसाचा किंवा पॉलिस्टरचा थर आणि खालचं अस्तर एकत्र शिवणं. तिसरा, कडेनं गोट लावणं. लाँगआर्म फक्त दुसरा टप्पा करतं. कापणं, जुळवणं, इस्त्री, गोट हे सगळं तसंच हातावर आणि साध्या मशीनवर राहतं.

ब्लॉक म्हणजे दोन सुतांचा खेळ

आठ सुतांचा एक इंच. ब्लॉकमध्ये शिवणीला दोन सूत, म्हणजे पाव इंच सोडतात. १२ इंचांचा नऊ तुकड्यांचा ब्लॉक करायचा तर तयार तुकडा ४ इंचांचा हवा. म्हणून कापताना तो साडेचार इंचांचा कापायचा. ५ बाय ७ फुटांच्या गोधडीला असे ३५ ब्लॉक लागतात, म्हणजे ३१५ तुकडे.

आता चूक कशी वाढते ते बघा. शिवण अर्धा सूत जास्त घेतली, तर दोन्ही कापडं मिळून एक सूत जातं. सात फुटांच्या लांबीत २१ तुकडे आणि २० शिवणी. म्हणजे २० सूत, अडीच इंच गोधडी आखूड! एका ओळीत असं झालं आणि शेजारच्या ओळीत झालं नाही, की कोपरे जुळत नाहीत, कापड फुगतं.

त्रिकोणाच्या नक्षीसाठी सोपी युक्ती आहे. तयार चौकोन ४ इंचांचा हवा असेल तर दोन रंगांचे ४ इंच ७ सुतांचे चौकोन एकावर एक ठेवायचे, कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सुतांवर शिवण घालायची आणि रेघेवर कापायचं. दोन चौकोन एकदम तयार होतात, तिरप्या कडा ओढल्या जात नाहीत. शिवण गडद कापडाकडे दाबून इस्त्री करायची; शेजारच्या ओळीत उलट दिशेला. मग जोड एकमेकांत नीट बसतात.

हे इथं सांगायचं कारण असं की वरची बाजू वाकडी असेल तर लाँगआर्म ती सरळ करत नाही. उलट फुगलेल्या कापडावर चुण्या शिवून टाकतं, आणि मग उसवत बसावं लागतं.

लाँगआर्म वेगळं कशात?

घरच्या मशीनवर सुई जागेवर असते आणि कापड सरकवावं लागतं. सुईपासून मशीनच्या खांबापर्यंत जागा साधारण ६ ते ८ इंच. पाच फुटी गोधडीच्या मध्यावर शिवायचं तर अडीच फुटांची गुंडाळी त्या बोळातून पलीकडे न्यावी लागते. खांदे आणि मनगटं भरून येतात ती इथंच.

लाँगआर्ममध्ये उलटं असतं. गोधडी फ्रेमवरच्या रुळांवर ताणलेली असते आणि मशीनच रुळावर फिरतं. शिवणारी बाई उभी राहून दोन दांड्यांनी ते हलवते. आतली जागा १८ ते २६ इंच असते. गुंडाळी जाड होत जाते तशी ती कमी होते. हात जलद चालो की हळू, टाक्याची लांबी सारखी ठेवणारं उपकरण त्याला बसवता येतं. थर आधी कच्चे टाके घालून टाचावे लागत नाहीत, हा मोठा फायदा. पण मधला थर आणि अस्तर प्रत्येक बाजूला सुमारे ४ इंच मोठं घ्यावं लागतं.

जागेचाही विचार हवा. फ्रेम १० ते १२ फूट लांब असते आणि दोन्ही बाजूंनी फिरायला वाट लागते. जुन्या वस्तीतल्या अरुंद खोलीत आणि चिंचोळ्या जिन्यात ही पहिलीच अडचण ठरते.

जुन्या साडीचं काय?

सहावारी साडी १८ फूट. मधून कापून दोन भाग शेजारी जोडले की एका मोठ्या गोधडीचा एक थर होतो. अशा तीन-चार थरांची गोधडी कडेपासून फेऱ्या घालत मध्याकडे धावदोऱ्यानं शिवतात. हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकांची कवंदीही कडेकडून आत येते. त्या तुकडा लावतानाच सगळ्या थरांतून टाका घालतात. इथं जोडणं आणि थर शिवणं हे एकच काम आहे. लाँगआर्मला वेगळा टप्पा उरतच नाही.

शिवाय विरलेल्या सुती साडीला मशीनचा दाट टाका सोसत नाही. भोकांच्या रेषेवर कापड फाटतं. धावदोरा सैल असतो, उसवून दुरुस्त करता येतो, वरून नवी साडी चढवता येते. आजीच्या साडीची गोधडी करून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हे आधीच सांगितलेलं बरं.

पैशांचं गणित

परदेशी बनावटीचं लाँगआर्म फ्रेमसह लाखांत जातं. समजा सहा लाख लागले. एका गोधडीच्या शिवणीचे १,५०० रुपये मिळाले आणि दोरा-वीज-सुया यात ३०० गेले, तर उरले १,२००. सहा लाख फिटायला ५०० गोधड्या लागतील. आठवड्याला दोन म्हटलं तरी जवळजवळ पाच वर्षं, आणि यात व्याज धरलेलं नाही. प्रत्येकीनं आपापले आकडे घालून हा हिशेब करावा.

केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत, जी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, १८ व्यवसाय आहेत. गोधडी वेगळी नाही, पण दर्जी आहे. पात्र ठरल्यास १५,००० रुपयांची अवजारांची मदत आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख व ते फेडल्यावर २ लाखांचं कर्ज मिळतं. योजना केंद्राची असल्यानं गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा सगळीकडे नियम तेच. पण एवढ्यात मोठी फ्रेम येत नाही, हेही खरं.

मधले रस्ते

पहिला : प्रत्येक ब्लॉक थरांसकट आधी शिवून घ्यायचा आणि मग ब्लॉक जोडायचे. १२ इंचांचा तुकडा घरच्या मशीनखाली सहज फिरतो. पाठीमागचे जोड पट्टीनं झाकावे लागतात, एवढंच वाढीव काम.

दुसरा : टेबलावर बसवलेलं लांब हाताचं मशीन. कापड हातानंच फिरवायचं, पण आत जागा भरपूर मिळते आणि फ्रेमची खोली लागत नाही.

तिसरा : जॉबवर्क. साडीला पिको-फॉल करायला कुणी पिकोचं मशीन विकत घेत नाही, दुकानात देतात. अमेरिकेत गोधडीची वरची बाजू घरी करून ती लाँगआर्मवाल्याकडे पाठवणं ही रुळलेली पद्धत आहे. मजुरी बहुधा चौरस इंचावर ठरते. आठ-दहा जणींच्या बचत गटानं एक मशीन घेतलं तर तोच मार्ग इथंही चालू शकतो, आणि हप्त्याचा भार एकीवर येत नाही.

मशीन घेण्याआधी महिनाभर वहीत लिहून ठेवावं : कापण्यात किती तास, ब्लॉक जोडण्यात किती, थर शिवण्यात किती. तयार वरच्या बाजू थर शिवायच्या राहून घरात साठत असतील, तर लाँगआर्मचा विचार जरूर करावा. वेळ कापण्या-जोडण्यातच जात असेल, तर चांगली कात्री, चांगली पट्टी आणि मदतीला आणखी एक हात यांनी जास्त काम होईल.