अंतःश्रवण : स्वतःकडे कान देण्याची शिस्त

रुग्णालयात ऐकण्याची साधने पुष्कळ असतात. तथापि रुग्णाच्या आत काय चालले आहे याची पहिली वार्ता यंत्राला नव्हे, तर रुग्णालाच लागते. ‘आतला आवाज’ म्हटले की एखादी गूढ आज्ञा आपल्या मनात येते. प्रस्तुत लेखात अर्थ त्याहून साधा आहे : शरीरात आणि मनात जे घडत आहे, ते वेळीच लक्षात येणे.

आपल्या भाषेला हे ज्ञान फार पूर्वीपासून आहे. भीतीने पोटात गोळा येतो, काळजीने छाती दडपते, संतापाने तळपायाची आग मस्तकात जाते, दुःखाने घशाशी आवंढा येतो. भावना प्रथम देहात उमटते, हे या वाक्प्रचारांतून आपण रोज बोलतो. लक्ष मात्र देत नाही. हृदय, जठर, श्वास यांच्याकडून येणारे संदेश मेंदूच्या इन्सुला नावाच्या भागात एकत्र येतात, असे आधुनिक शरीरशास्त्र सांगते. हे संदेश टिपण्याची शक्ती प्रत्येकाची कमीअधिक असते. अवधानाच्या सरावाने मनुष्य त्यांच्याशी अधिक परिचित होतो.

या सरावाचे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित स्थान म्हणजे नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीचे धम्मगिरी. तेथे १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे भरत आहेत. ही साधना ब्रह्मदेशातून भारतात आणणारे सत्यनारायण गोएंका हे मूळचे उद्योजक. त्यांना तीव्र अर्धशिशीचा विकार होता. वेदना शमविण्यासाठी मॉर्फिन घ्यावे लागे आणि त्याचे व्यसन जडण्याची भीती होती. परदेशांतील उपचारही निष्फळ ठरले. १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखी घालविण्यासाठी येणार असाल तर येऊ नका, असे त्यांना सांगण्यात आले. मन शुद्ध करण्याचा हेतू असेल तरच प्रवेश मिळणार होता. रुग्णालयाच्या अहवालात ही गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते.

शिबिर दहा दिवसांचे असते. मौन पाळावयाचे, वाचन-लेखन वर्ज्य, पहाटे चार वाजता उठावयाचे. पहिले तीन दिवस केवळ नैसर्गिक श्वासाकडे पाहावयाचे. काम अगदी सोपे भासते. परंतु मिनिटभरातच मन शेताच्या बांधावर, कज्जाच्या तारखेला किंवा सुनेच्या बोलण्यावर जाऊन बसते. आपण स्वतःचे किती थोडे ऐकतो, हे तेथे प्रथम कळते. त्यानंतर मस्तकापासून पायापर्यंत संवेदना न्याहाळावयाच्या, सुखद असो वा दुःखद, तिच्यावर लगेच झडप घालावयाची नाही. शुल्क नाही, शिबिर पूर्ण केलेल्यांच्याच दानावर पुढील शिबिरे चालतात. आमच्या दानशूर वाचकांना या व्यवस्थेचे विशेष कौतुक वाटेल.

अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठी असाच सराव सुरू केला. औषध चालू ठेवून वेदनेशी आपले नाते बदलावे, ही त्यामागील कल्पना होती.

मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. गंभीर मनोविकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून दीर्घ मौनाच्या शिबिराला जाऊ नये आणि ध्यानाच्या भरवशावर कोणतीही गोळी बंद करू नये. शिवाय छातीचा प्रत्येक ठोका मोजत बसणे हे श्रवण नव्हे. ती निव्वळ धास्ती होय.

कळसाडी परिसरातील अडचण मात्र बहुधा उलट आहे. आपल्याकडे सोसणे हा गुण मानला जातो, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत. अंग दुखते, थकवा येतो, ‘चालायचेच’ म्हणून मजुरीला जावयाचे आणि दुखणे विकोपाला गेल्यावर रुग्णालय गाठावयाचे. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचे रुग्ण आढळतात. त्यांना तर ही सवय फार महाग पडते. अपुरे पाणी, थंडी, अतिश्रम आणि जंतुसंसर्ग यांमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. काही रुग्णांना त्याआधी हातापायांत सूक्ष्म ठणका अथवा वेगळा थकवा जाणवतो. तो ओळखता आला, तर पाणी पिणे, ऊब घेणे, विश्रांती आणि डॉक्टरांनी सांगितलेली औषधे यांना वेळीच आरंभ करता येतो. ताप, छातीत दुखणे, दम लागणे किंवा एकाएकी पांढरे पडणे ही लक्षणे दिसली की मात्र घरी थांबू नये, तत्काळ रुग्णालयात यावे.

रुग्णाच्या उशाशी रात्रंदिवस बसणाऱ्या आप्तांनाही हे लागू आहे. जागरणाने चिडलेला मनुष्य परिचारिकेवर ओरडतो, तेव्हा बहुधा त्याच्या रागामागे भीती असते. डॉक्टरांच्या खोलीत शिरण्यापूर्वी बाहेरच्या बाकावर दोन मिनिटे बसावे, पाच-सहा श्वास नुसते पाहावेत, छाती दडपली आहे काय, पोटात गोळा आहे काय ते ध्यानी घ्यावे. मग जे विचारावयाचे आहे ते कागदावर लिहून घ्यावे. लिहिता येत नसेल, तर सोबतच्या मुलाकडून लिहवून घ्यावे.