हरणासाठी गोळी किती ग्रेनची?

रायफलच्या गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे पौंडाचा ७,०००वा भाग, सुमारे ६५ मिलिग्रॅम. अमेरिकेत काडतुसांच्या पेटीवर रायफलच्या मापाशेजारी १५०, १६५ किंवा १८० असा आकडा छापलेला असतो. तो फक्त नळीतून सुटणाऱ्या गोळीचा भार; दारू आणि पितळी पुंगळी त्यात धरलेली नसते. १५० ग्रेन म्हणजे ९.७ ग्रॅम आणि १८० ग्रेन म्हणजे ११.७ ग्रॅम. या दोन ग्रॅमांवरून तिथले शिकारी पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत आले आहेत.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय जुन्या शिकारकथांपुरता उरला. अमेरिकेत मात्र परवाना, ठरलेला हंगाम आणि संख्येची मर्यादा पाळून हरणाची शिकार करता येते. तिथले मुख्य सावज म्हणजे व्हाइटटेल हरीण. दक्षिणेकडे पूर्ण वाढलेला नरही बऱ्याचदा पन्नास-साठ किलोंचाच असतो, तर उत्तरेकडच्या थंड राज्यांत तो शंभर किलोंच्या पुढे जातो. तरीही एल्क किंवा मूस यांच्यापुढे तो किरकोळच. त्याची छाती अरुंद असते, हाडे फार जाड नसतात. खांद्यामागे हृदय आणि फुप्फुसे असलेला आठ-दहा इंचांचा भाग हे नेम धरण्याचे ठिकाण. गोळी तिथे पोचावी, आत फुलावी आणि शक्यतो पलीकडून बाहेर पडावी, एवढेच तिचे काम. दोन्ही बाजूंनी जखम झाली की रक्ताचा माग ठळक पडतो आणि झुडपांत शिरलेले जनावर सापडते.

‘थर्टी-ऑट-सिक्स’ हे काडतूस अमेरिकी लष्कराने १९०६ साली स्वीकारले आणि पुढे ते शिकाऱ्यांचेही आवडते झाले. त्यातून १५० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ८८५ मीटर वेगाने निघते, १८० ग्रेनची सुमारे ८२० मीटरने. जड गोळी हळू, हलकी वेगवान. त्यामुळे नळीच्या तोंडाशी दोघींची ऊर्जा जवळपास सारखीच, ३,८०० ते ३,९०० ज्यूलच्या आसपास भरते. दोनशे यार्डांवर नेम जुळवला, तर तीनशे यार्डांवर त्यांच्या खाली येण्यात एखाद-दोन इंचांचाच फरक पडतो. सारख्या घडणीची जड गोळी वाऱ्याने थोडी कमी ढळते, पण खांद्याला धक्का जास्त देते. धक्क्याच्या धास्तीने चाप झटक्यात ओढणाऱ्याचा नेम वाऱ्यापेक्षा जास्त चुकतो, हे मात्र या वादात सहसा कुणी बोलत नाही.

वजनापेक्षा निर्णायक ठरते ती गोळीची घडण. शिकारीची नेहमीची गोळी म्हणजे तांब्याच्या पातळ कवचात शिसे आणि टोकाशी ते शिसे उघडे. शरीरात शिरताच ती अळंब्यासारखी फुलते आणि रुंद जखम करते. पण गोळी हलकी, वेग जास्त आणि कवच पातळ असले, तर खांद्याच्या हाडावर तिचे तुकडे होतात आणि फुप्फुसांपर्यंत काहीच पोचत नाही. जॉन नोस्लर यांना १९४६ साली कॅनडात मूसच्या शिकारीत हाच अनुभव आला. त्यांनी गोळीच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत ठेवली. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो. ‘पार्टिशन’ या नावाने ती १९४८ पासून विकली जाऊ लागली. उलट टोकही तितकेच गैरसोयीचे. मूस आणि अस्वलासाठी बनवलेली २२० ग्रेनची कठीण गोळी हरणाच्या अरुंद छातीतून नीट न फुलताच आरपार जाऊ शकते आणि जखमी हरीण दूरवर पळते.

जड किंवा हलकी हे नळीच्या व्यासाच्या संदर्भातच ठरते. १४० ग्रेनची गोळी ‘थर्टी-ऑट-सिक्स’मध्ये आखूड आणि हलकी; तीच २००७ साली आलेल्या ‘सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमूर’मध्ये लांब, निमुळती आणि खोल घुसणारी. ‘टू-फोर्टी-थ्री’मध्ये १०० ग्रेन भारी समजतात, ‘टू-सेव्हन्टी’मध्ये १३० ग्रेन रूढ आहे. एकूण त्या-त्या मापातले मधले वजन हरणाला पुरते, हा अनुभवी शिकाऱ्यांचा कल योग्यच वाटतो. ‘थर्टी-थर्टी’सारख्या जुन्या काडतुसात तर निवडच थोडी, १५० किंवा १७० ग्रेन. त्याच्या रायफलीत काडतुसे नळकांड्यात एकामागे एक बसतात आणि टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडाशी टेकली तर ते उडण्याचा धोका असतो. म्हणून तिचे टोक सपाट ठेवतात.

अलीकडे या हिशेबात तांब्याने ढवळाढवळ केली आहे. शिकारीनंतर मागे राहिलेल्या अवशेषांतले शिशाचे कण खाऊन कॅलिफोर्नियातील कॉन्डर गिधाडांना विषबाधा होते. म्हणून त्या राज्यात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि लांब गोळी स्थिर ठेवायला नळीतल्या आट्यांचा पीळ जास्त लागतो. तांब्याची गोळी मात्र सहसा तुटत नाही, वजन टिकवून खोल जाते. त्यामुळे एक पायरी हलकी घेतली तरी चालते. स्कॉटलंडमध्ये तर कायद्यालाच हे मान्य करावे लागले. तिथे १९८५च्या आदेशाने रो जातीचे लहान हरीण वगळता इतर हरणांसाठी किमान १०० ग्रेनची गोळी सक्तीची होती. ‘टू-फोर्टी-थ्री’सारख्या लहान मापात तेवढ्या वजनाची तांब्याची गोळी नीट बसेना, म्हणून २०२३ साली ही मर्यादा ८० ग्रेनवर आणली गेली.

वजन ठरले तरी रायफलीची पसंती वेगळी असू शकते. एकाच मापाच्या दोन रायफलींपैकी एक १५० ग्रेनच्या गोळ्या जवळजवळ मारते, दुसरी १६५च्या. शिवाय वजन किंवा कंपनी बदलली की गोळी लागण्याची जागाही सरकते. त्यामुळे हंगामाआधी दोन-तीन प्रकारची काडतुसे शंभर यार्डांवर झाडून पाहतात, जुळेल त्याच पेट्या घेतात आणि दुर्बिणीचा नेम त्याच काडतुसांवर नव्याने बसवतात.